आळसांद्यांचा केक

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
मी दोन मापं आळसांदे घेते.
मांद्र्याची सत्यवती शिगोशीग भरून विचारते,
"तोणाक करतलें?"
मी हो म्हणते.
खरं सांगितलं असतं
तर तिनं माप परत ओतून घेतलं असतं.

घरी ह्यांच्या रक्तात साखर तीनशे बारा.
पोंबुर्फ्याच्या फेरीबोटीवर तीस वर्षं काढलेला माणूस,
भरती-ओहोटी ओळखणारा,
कागदावरचा आकडा बघून म्हणाला,
मशीन बिघडलं असेल.
गोड बंद झालं. म्हणजे
माझ्यासमोर बंद झालं.
शर्टाच्या खिशावर मुंग्यांची रांग लागली
तेव्हा कळलं, दोस कुठे राहतो ते.

मग एका रात्री आळसांदे भिजत घातले.
सकाळी दुप्पट झालेले,
साली सैल, सुरकुतलेल्या,
नदीत फार वेळ डुंबलेल्या पोरांच्या बोटांसारख्या.
शिजवले, वाटले,
माडाचा गूळ घातला, तोही हात आखडून,
अंडी, वेलची, नारळाचं दूध.
मैदा नाही.
मैदा नाही हे मी स्वतःलाच तीनदा सांगितलं.

हळदोण्यात दुपारी पोदेराचा फोर्न रिकामा असतो.
पाव गेलेले, उंडे गेलेले,
पण विटांना अजून पहाट आठवत असते.
त्या उरल्या उबेत
बोस्त्यांव मला एक कोपरा देतो,
बदल्यात रविवारी माझ्या परसातली केळी.
"आळसांद्यांचो केक?" तो म्हणाला,
आणि कपाळावरचं पीठ पुसायला हात नेऊन
आणखी पीठ लावून घेतलं.

पहिला केक त्याच्या कोंबड्यांनी
टोचून पाहिला
आणि त्या दुसरीकडे गेल्या.
दुसऱ्याला तोणाकाचा वास आला.
चूक माझीच,
मिक्सरच्या भांड्याला कालची मिरची होती.
मी डबा घेऊन चुलीपाशी बसले,
आता ह्या वयात काय काय सिद्ध करायचं, म्हणून.

बोस्त्यांव लांब दांड्यानं राख ओढत होता.
म्हणाला, माझी आई एस्पेरांसा
नाताळात चण्याची डाळ घोटायची,
सकाळपासून, खांदा उतरेपर्यंत,
खोबरं आणि डाळ, डाळ आणि खोबरं,
आणि आम्ही भावंडं पातेल्याचा तळ खरवडायला भांडायचो.
दोस म्हणजे काय मग?
आणि तुमच्या घरी मणगणं कशाचं होतं?
त्यात डाळ नसते, हिरे असतात?

मी गप्प.
चवथीला दर वर्षी मणगणं ढवळणारी मी,
आणि आळसांदे
चोरून आणल्यासारखे पिशवीच्या तळाशी लपवणारी.

तिसरा केक फुगला नाही फार.
पण कापला तेव्हा सुरी स्वच्छ बाहेर आली
आणि आतून ओल्या मातीचा रंग दिसला,
भातानंतर वायंगणात नांगर फिरतो तसा.

ह्यांना सांगितलं, केक आहे.
एवढंच.
एक तुकडा गेला. दुसरा गेला.
तिसऱ्यात दाताला काही लागलं.
बोटानं काढलं, उजेडात धरलं:
न वाटली गेलेली एक साल,
तिच्यावर तो काळा डोळा, नीट शाबूत.
आळसांदा ह्यांच्याकडे बघत होता, हे आळसांद्याकडे.
मी ओट्याकडे पाठ करून
उगाच कपबशी धुतली.

साल बशीच्या कडेला ठेवली त्यांनी.
"उरलेला झाकून ठेव," म्हणाले,
"मुंग्या लागतील."

सोमवारी शर्ट धुवायला काढला.
खिशात चुरा, तपकिरी.
शिवणीपाशी एकच मुंगी,
आत जाऊन आलेली,
जरा थांबून, विचार करून
रिकाम्या तोंडानं परत निघालेली.